मॅडमचे मिस्टर आणि नंदोलोचा भाव

आफ्रिकेतल्या मलावी देशात, झोम्बा नावाच्या गावी, मला माझ्या नावाने ओळखणारी माणसं शेवटपर्यंत मोजकीच राहिली. बाकी सगळ्यांसाठी मी 'मॅडमचे मिस्टर'. लातूरला बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर निम्मं आयुष्य गेलं. तिथे मी साहेब होतो, आणि बायको स्वतः नर्सिंगच्या मुलींना शिकवत असूनही 'साहेबांच्या मिसेस'. २०१७ मध्ये फासे उलटे पडले. स्वयंसेवक म्हणून परदेशी जायला निवड झाली ती तिची. मलावीतल्या एका नर्सिंग कॉलेजला अनुभवी शिक्षिका हवी होती. मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळाच होतो, त्यामुळे 'सोबत येणारा जोडीदार' या रकान्यात माझं नाव पडलं. तिला महिन्याला क्वाचामध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, भत्ता मिळणार, मला पगारी काम करायची परवानगी नाही. हे नातेवाइकांना समजावताना मजा यायची. "म्हणजे वहिनी कमावणार, आणि तू?" "मी स्वयंपाक करणार." यावर थोरला भाऊ पुढे काही बोलायचाच नाही, पण त्याच्या तोंडावर सगळं दिसायचं.

मलावी म्हणजे टांझानिया, मोझांबिक आणि झांबिया यांच्या मधली उभी चिंचोळी पट्टी. देश महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, आणि कडेने त्याच नावाचं लांबच लांब सरोवर. झोम्बा दक्षिणेला, पठाराच्या पायथ्याशी. इंग्रजांच्या काळापासून १९७५ पर्यंत राजधानी इथे होती. मग ती लिलाँग्वेला गेली आणि मागे जुने बंगले, ऑक्टोबरात जांभळी होणारी जॅकरँडाची झाडं, विद्यापीठ आणि तुरुंग एवढं राहिलं. गाव आम्हाला पहिल्या दिवसापासून आवडलं. कुणाला कुठे जायची घाई नसलेली गावं मराठवाड्याच्या माणसाला परकी वाटत नाहीत.

सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे जनगणना झाली. टॅबलेट घेऊन एक तरुण पोरगा आमच्या दारात आला. तिकडच्या रीतीने त्याने दार वाजवलं नाही, बाहेरूनच "ओदी! ओदी!" अशी हाक मारली. बसला, नावं विचारली, मग घरप्रमुख कोण म्हणाला आणि सवयीने माझ्याकडे बघू लागला. शेजारची बाई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, तिने तिथूनच उत्तर दिलं, "मॅडम!" मी मान डोलावली, पोराने लिहून घेतलं. मलावीच्या त्या जनगणनेत पावणेदोन कोटी माणसं मोजली गेली. त्यांत आम्ही दोघं आहोत आणि मी घरप्रमुखाचा नवरा आहे.

शेजारणीला यात काही नवल वाटलं नाही, त्याला कारण आहे. दक्षिण मलावीत याओ, लोम्वे, न्यांजा या लोकांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येतो आणि तिच्या रानात राबतो. नांदणं जमलं नाही तर उचलायचं आपलं गाठोडं आणि चालू लागायचं. मी बायकोच्या नोकरीच्या गावी आलोय हे समजल्यावर आळीतल्या बायकांनी मला 'म्कामविनी' करून टाकलं. म्हणजे सासुरवाडीला राहायला आलेला जावई. आपल्याकडे घरजावई म्हटलं की माणसाची अब्रू जाते. तिकडे निम्म्या देशाचे बाप्ये तसेच राहतात.

बँकेतल्या माणसाला यात जरा जास्तच रस वाटणार. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या काळात बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवा म्हणून गावोगाव सभा झाल्या होत्या. टाळ्या कडकडून पडायच्या, पण फेरफाराला किती जण तलाठ्याकडे गेले ते आम्हा कर्जवाटपवाल्यांना ठाऊक आहे. आणि इथे जमीन मुळातच बाईची. पण म्हणून तिथे बाईचं राज्य आहे असं कुणी समजू नये. जमिनीच्या वाटणीत शब्द चालतो तो तिच्या मामाचा नाहीतर भावाचा. जमिनीची मालकीण असलेली तीच बाई पाहुण्यापुढे ताट ठेवताना गुडघे टेकते. माझ्यापुढेही टेकायच्या. मला कानकोंडं व्हायचं. मी उठायला लागलो की त्या गोंधळायच्या, म्हणून मग दोन्ही हातांनी ताट घ्यायला शिकलो आणि गप्प बसलो.

स्वयंसेवेला आलेल्यांच्या घरी नोकर असावा का, हा आमच्यातला पहिला मोठा वाद. कॉलेजने दिलेल्या घराबरोबर रात्रीचा राखणदार चालत आला होता. आधीच्या स्वयंसेवकाचा तोच, त्याच्याही आधीच्याचा तोच. बायको म्हणाली, आपण काय साहेबलोक आहोत का, नको. शेजाऱ्यांना हे कळलं तेव्हा ते दुखावलेच. ज्याच्या हाती दर महिन्याला नक्की पैसा येतो त्याने घरात कुणाला तरी काम द्यायचंच, नाहीतर तो कंजूष, असा तिकडचा हिशोब. मला तो पटला, तिला अर्धा पटला. राखणदार राहिला. रात्री त्याला पहारा द्यावा लागेल असं काही कधी घडलं नाही, पण नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला आणि तो माणूस खरा कोण आहे ते कळलं.

आदल्या दिवसापर्यंत अंगण होतं. सकाळी उठलो तर सगळीकडे सरी. तिकडे नांगर नाही, बैल नाही. रुंद पात्याचं, आखूड दांड्याचं कुदळीसारखं एक अवजार असतं, त्याला 'खासू' म्हणतात. सगळी शेती त्याच्यावर. दोन सरींत पाऊण मीटर अंतर, एकेक वीत सोडून मक्याचा एकेक दाणा. भिंतीला लागून, मोरीच्या पाण्यापाशी, गेटपर्यंत त्याने जागा सोडली नव्हती. आमच्याच घरी नव्हे, कॉलेजच्या आवारात, पोलीस लाइनीत, पुढे रस्त्याच्या कडेला, जिथे म्हणून माती दिसेल तिथे मका. त्याला म्हटलं, वाळत घातलेले कपडे कुठे टाकायचे? तो म्हणाला, एप्रिलपर्यंत आत टाका. मी खासू मागून घेतलं. पहिल्या सरीला तो हसला, दुसऱ्या सरीला त्याने माझ्या मागून येऊन माती सारखी केली. वाकून ती सरी ओढताना कंबर कशी बोलते ते लिहून सांगण्यासारखं नाही. कुणब्याचा पोरगा असल्याचा माझा तोरा तिथे उतरला. आपल्याकडे कष्टाच्या गोष्टी आपण फार सांगतो, पण त्यातला मोठा वाटा बैलांनी उचललेला असतो.

जानेवारी ते मार्च हे तिकडचे उपाशी महिने. जुना मका संपलेला आणि नवा अजून हिरवा. त्या दिवसांत बाजारात पिठाचा भाव हा एकच बोलण्याचा विषय असतो. त्यांचं रोजचं अन्न म्हणजे 'न्सिमा', पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिच्याबरोबर काहीतरी कालवण. भोपळ्याची कोवळी पानं सोलून, चिरून, शेंगदाण्याचा कूट घालून शिजवतात. ही भाजी पहिल्यांदा तोंडात घातली तेव्हा बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. लसणाची फोडणी तेवढी राहिली होती, नाहीतर घरचीच.

पाण्याचे आणि विजेचे हाल मी फार रंगवून सांगणार नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून ज्यांना पाजलं त्या लातूरकरांनी बादलीच्या अंघोळीचं रडगाणं कुणाला ऐकवावं? विजेचं मात्र अवघड होतं. त्या देशाची बहुतेक वीज शिरे नदीवर होते, नदी सरोवरातून निघते, आणि २०१७ च्या अखेरीला सरोवर खाली गेलं होतं. त्या डिसेंबरात सगळा देशच अंधारात बसला. आम्ही दोघं मेणबत्तीशी बसून बोलायचो. बोलायचो म्हणजे आधी भांडायचो. मराठी कुणाला कळत नाही म्हणून आवाजाला लगाम नव्हता. एकदा सकाळी शेजारणीने बायकोला माझ्याबद्दल काळजीने विचारलं, "रात्री बाबांना ताप होता का?" लग्नाला इतकी वर्षं होऊनही आम्ही दोघांनी दुपारचं जेवण असं रोज एकत्र कधी घेतलं नव्हतं. तिथे घेतलं. इतका सहवास झेपतोच असं नाही, हेही सांगून टाकतो. स्वयंसेवक जोडप्यांच्या फोटोंत हा भाग येत नाही. दुसऱ्या कुणाशी आपल्या भाषेत एक वाक्य बोलायची सोय नसते, आणि समोरचं माणूस तेच तिखट-मीठ रोज ऐकून विटलेलं असतं. आमच्या घरात यावर एकच उपाय चालला. तिने मला घराबाहेर काढलं. "गावात जा, शेतकरी बघ, कर्जाचे कागद तपास, काहीही कर, पण चारच्या आत घरी दिसू नकोस."

तिचं स्वतःचं काम मी पाहिलं ते थोडं आणि ऐकलं ते जास्त. हातात पुस्तक असलेल्या मुली आणि हातात काही नसलेला वॉर्ड, यांची सांगड घालायची हेच तिचं काम. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एक नर्स आणि तिच्या हाताखाली शिकाऊ मुली. पेशंटजवळ नातेवाईक बसलेले, त्यांना तिकडे 'गार्डियन' म्हणतात. पेशंटला भरवणं, पुसणं, धुणं सगळं त्यांच्याकडे, आणि दवाखान्याच्या मागे त्यांच्या चुली. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात बाळंतपण. बायकोने पहिल्या महिन्यात अभ्यासक्रमातलं जवळजवळ काहीच शिकवलं नाही. उजेड, पाणी, हातमोजे नसताना आधी काय बघायचं आणि कशाला थांबायचं नाही, ते शिकवलं. हे तिला लातुरात तिच्या तरुणपणी एका म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं होतं. पुस्तकात नसलेलं असं बरंच काही ती मुलींकडून स्वतःही शिकून आली, विशेषतः वेदना होत असलेल्या बाईशी न बोलता तिच्याजवळ कसं बसायचं ते.

मलेरिया दोघांनाही झाला. रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर तपासणी, लगेच उत्तर, तीन दिवसांच्या गोळ्या. त्यात सांगण्यासारखं एवढंच की गोळ्यांच्या पाकिटावर भारताचा पत्ता होता.

सांगण्यासारखी दुसरी गोष्ट आहे आणि ती इथे लोकांना सांगितली की बैठक शांत होते. आम्ही पोहोचलो त्याच सुमारास, २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, दक्षिण मलावीतल्याच मुलांजे आणि फालोंबे भागात अफवा उठली की रात्री माणसांचं रक्त शोषणारे फिरताहेत. जमावाने रस्ते अडवले, परक्या माणसांना धरलं, काही जणांचे जीव गेले. सरकारने रात्रीची संचारबंदी लावली, संयुक्त राष्ट्रांनी त्या भागातून आपली माणसं मागे घेतली. झोम्ब्यातही आम्हाला अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नका म्हणून निरोप आला. इकडून फोन सुरू झाले. सगळ्यांचा सूर एकच, आफ्रिका ती, तिथे असंच चालायचं. मीही थोडंफार त्याच सुरात उत्तर देत होतो. पुढच्या वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. माझ्या फोनवर तो व्हिडिओ आला, मी पाहिला नाही. बायकोच्या कॉलेजातल्या एका शिक्षकाने बातमी वाचली होती. सोमवारी तो माझ्याकडे आला, हातात हात घेतला आणि आपल्या माणसाच्या मयतीला बोलावं तसं दोन शब्द बोलून गेला. तुमच्याकडेही असं होतं का, असं त्याने विचारलं नाही. इकडच्या कुणीही त्यांच्या मेलेल्यांसाठी मला फोन केला नव्हता.

आता नंदोलो.

बायकोने घराबाहेर काढल्यावर मी शेतकऱ्यांच्या क्लबांत जाऊ लागलो. बचत गटासारखे गटही होते. लोखंडी पेटी, तिला तीन कुलुपं, किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. बँकेत आम्ही सुरक्षिततेवर परिपत्रकं काढायचो, पण एवढी सोपी आणि पक्की तिजोरी मी पाहिली नव्हती. त्यांची वही नीट लावून देणं एवढाच माझा उपयोग होता, आणि तोही त्यांनी दोन महिन्यांत संपवला. मग मी नुसता बसायला जायचो. तिथे शेतात मक्याच्या सरींत एक ओळखीचं झाड दिसलं. जवळ जाऊन शेंग सोलली. तूर! त्यांची नंदोलो. मक्याबरोबर पेरायची, एप्रिलात मका काढून घ्यायचा, मग तूर एकटी उभी राहते आणि जुलै-ऑगस्टमध्ये हाती येते. अट एवढीच की मका निघाल्यावर मोकाट सुटलेल्या शेळ्यांनी तोवर ठेवली पाहिजे. ती अख्खी, सालासकट, कोळशाच्या शेगडीवर तासन्‌तास शिजवतात. आमचा प्रेशर कुकर पाहून शेजारणीने कोळशाचा हिशोब केला आणि त्या दिवसापासून कुकर आळीचा झाला. सकाळी एका घरी शिटी वाजायची, दुपारी दुसऱ्या. रबर गेलं तेव्हा ते सगळ्यांनी मिळून लिंबे नावाच्या गावातल्या गुजराती दुकानातून मागवलं. त्याच लिंब्यात तुरीच्या दाळी करण्याच्या गिरण्या आहेत, भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांच्या, आणि तिथला माल बहुतेक आपल्याकडे येतो.

२०१८ च्या हंगामात एका गावी क्लबाची सभा होती. आंब्याखाली बायका जमिनीवर, बाप्ये कडेला बाकांवर. माझी ओळख करून दिली, भारतातून आलेत. एक वयस्क बाई उठल्या आणि विचारलं, तुमच्या लोकांनी आमची नंदोलो घ्यायची का थांबवली? गेल्या साली व्यापारी दारात यायचा. यंदा आम्ही डोक्यावर घेऊन गेलो तरी भाव विचारत नाही.

उत्तर मला पाठ होतं, कारण मी ते आमच्या घरी जगलो होतो. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस बरा झाला, २०१६-१७ ला तुरीने अडती भरून गेल्या आणि भाव हमीभावाच्या, ५,०५० रुपये क्विंटलच्या, खाली कोसळला. खरेदी केंद्रापुढे माझा भाऊ ट्रॅक्टर लावून रांगेत झोपला होता. बारदाना नाही, काटा बंद, उद्या या. घरात रोज एकच बोलणं, सरकार बाहेरची तूर कशाला आत घेतं? ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. भावाने पेढे वाटले नाहीत एवढंच. मी स्वतः टेबलावर हात आपटून म्हणालो होतो की हे आधीच करायला हवं होतं. त्या मर्यादेचं दुसरं टोक आता आंब्याखाली माझ्यासमोर उभं होतं, डोक्यावरचं ओझं उतरवून.

मी त्यांना रांगेचं सांगितलं. बारदान्याचं सांगितलं. दुभाष्या मास्तर भाषांतर करत होता, बायका ऐकत होत्या, मधूनमधून जीभ टाळ्याला लावून 'च्‌च्‌' करत होत्या. त्या बाईंनी विचारलं, तुमच्या भावाची जमीन किती? मी म्हटलं, सहा एकर. सभेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, मग ते इस्टेटवाले की! त्यांच्यात कुणाकडे दीड एकर, कुणाकडे दोन. मी बियाण्याचा, खताचा, कर्जाचा खर्च सांगू लागलो, पण ते काही त्यांच्या मनात उतरलं नाही आणि मीही जोर लावला नाही. सहा एकरवाला लातुरात गरीब असतो हे तिथे पटवून देणारा वकील मला व्हायचं नव्हतं. सभा संपल्यावर त्याच बाईंनी मला उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पुडी दिली. परत येताना सायकल टॅक्सीच्या मागे बसून मी त्या संपवल्या.

आम्ही २०१९ च्या शेवटी परत आलो. बायको पुन्हा शिकवायला लागली, तिच्या झोम्ब्याच्या मुली अजून परीक्षेच्या आदल्या रात्री तिला प्रश्न पाठवतात आणि ती इथे रात्री जागून उत्तरं देते. मी पुन्हा साहेब झालो, सवय गेल्यामुळे ते कानाला जरा टोचतं. २०२१ मध्ये भारताने मलावीशी करार केला, पाच वर्षं दरवर्षी पन्नास हजार टन तूर घ्यायची. बातमी वाचून मी क्लबाच्या सेक्रेटरीला फोन लावला. त्याला ती आमच्या आधी कळली होती. व्यापाऱ्याने भाव मात्र अजून सांगितला नाही, म्हणाला.

तेव्हापासून हंगाम आला की मी लातूर मार्केट यार्डातला तुरीचा भाव त्याला पाठवतो. तो मला गावात व्यापारी काय देतो ते पाठवतो. क्वाचाचे रुपये करून मी दोन आकडे शेजारी लिहितो. मधल्या खर्चाचा, जहाजाचा, गिरणीचा हिशोब धरूनही जी फट राहते ती सेक्रेटरी सभेत वाचून दाखवतो, आणि मग व्यापाऱ्याशी बोलायला एकेकटे न जाता सगळे मिळून जातात. कधी थोडं जास्त मिळतं, कधी नाही.

भावाला हे कळलं. तो म्हणाला, "आपल्याच यार्डाचा भाव त्यांना कळवतोस? उद्या त्यांचीच तूर येऊन आपला भाव पाडेल." त्याचं चूक नाही. यंदा त्याचीही तूर चार एकरावर आहे. मी त्याच्यासमोर बसून भाव पाठवत नाही, एवढी काळजी घेतो.